झोपेची मुदतवाढ

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात क्लब हाउसमध्ये केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून.)



सचिवसाहेबांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं, मी नॉमिनेशन, मृत्युपत्र नाहीतर मुदत ठेवींवर बोलणार. ३६ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित असणार? मी म्हटलं, मला मुदतवाढीवर बोलायचंय. ते खूश झाले. मग मी खुलासा केला, की ही मुदतवाढ कर्जाची नाही, लहान मुलांच्या झोपेची. "आई, पाणी", "बाबा, शू आली", "आजोबा, अजून एकच गोष्ट" अशा अर्जांवर रोज रात्री मागितली जाणारी मुदतवाढ.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण निवृत्तीनंतर घरात दोन नातवंडं आहेत, आणि वाचायला वेळ भरपूर आहे. शिवाय आपल्या इमारतीच्या भिंती किती जाड आहेत ते बिल्डरला आणि आपल्यालाच माहीत! रात्री साडेनऊनंतर कुठल्याही मजल्यावर उभं राहा, दोन-तीन दारांआडून एकच संवाद ऐकू येतो. "आता शेवटचं सांगते हं!" हे शेवटचं साडेदहापर्यंत चालतं. मग मूल रडून झोपतं, आई चिडून झोपते, बाबा मोबाईल घेऊन हॉलमध्ये बसतात, आणि आजी-आजोबा आपल्या खोलीत "आमच्या वेळी नव्हतं बाई असं" म्हणत कूस बदलतात. दिवसाची शेवटची आठवण म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला थोडी कटुता येते. म्हणून हा विषय मला मृत्युपत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पहिली गोष्ट ही, की मूल लबाड आहे असं समजू नका. चालढकल ही काही आजच्या पिढीने शोधलेली कला नाही. आपण सगळे चिऊ-काऊच्या गोष्टीवर वाढलो. बाहेर पावसात भिजलेला कावळा दार वाजवतोय आणि आत चिमणी त्याला थांबवतेय. आधी बाळाची अंघोळ, मग कपडे, मग आणखी काही. एकेक कारण इतकं रास्त, की कावळ्याला बोलायची सोय नाही. तीच गोष्ट रोज ऐकणारं मूल आपल्याला दाराबाहेरचा कावळा करतं, यात नवल ते काय? त्याचीही कारणं बघा. पाणी, शू, पोटात दुखणं, देवाला नमस्कार राहिला. ज्याला नाही म्हणता येणार नाही, नेमकं तेच ते मागतं.

मग त्याला खरं हवंय तरी काय? वाचलेलं आणि पाहिलेलं जमेस धरून मला चार कारणं दिसतात.

पहिलं कारण, वियोग. आपल्यासाठी झोप म्हणजे विश्रांती. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी झोप म्हणजे सगळ्या माणसांना सोडून एकट्याने कुठेतरी जाणं. "उद्या" म्हणजे किती वेळाने, हे त्याला अजून कळत नाही. याच वयात कल्पनाशक्ती जोर धरते, त्यामुळे खुंटीवरच्या शर्टाचा राक्षस होतो. भीती खोटी असली तरी घाबरणं खरं असतं.

दुसरं कारण, थकबाकी. आपल्याकडचे निम्मे आईबाबा बीकेसी, लोअर परळ नाहीतर ऐरोलीला जातात. फास्ट लोकल पकडूनही डोंबिवलीच्या घरात पाऊल पडायला साडेआठ-नऊ होतात. त्यानंतर जेवण, भांडी, उद्याचा डबा. दिवसभर पाळणाघरात किंवा आमच्यासारख्या म्हाताऱ्यांजवळ राहिलेल्या मुलाला आईबाबा मोकळे सापडतात ते नेमके दिवा घालवायच्या वेळी. मग ते आपली दिवसभराची थकबाकी एकदम वसूल करायला बघतं. पाण्याचा पेला हे निमित्त. पेला घेऊन आई येते, हे खरं व्याज.

तिसरं कारण, शरीराचं घड्याळ. संध्याकाळी अंधार पडू लागला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य वाढू लागतं आणि झोपेची तयारी सुरू होते. प्रखर उजेड आणि डोळ्यांसमोरचा स्क्रीन ही तयारी लांबवतात. मोठ्यांपेक्षा लहान मुलांवर हा परिणाम जास्त होतो. दुसरं असं, की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचा तासभर शरीर उलट जास्त तरतरीत असतं. त्या तासात मुलाला आडवं केलं, तर ते झोपूच शकत नाही. आपण म्हणतो हट्टी आहे, आणि ते बिचारं खरोखर जागं असतं. पाळणाघरात पाच वाजेपर्यंत झोपलेलं मूल रात्री नऊला झोपेल अशी अपेक्षा करणं म्हणजे दुपारी भरलेल्या खात्यात रात्री पुन्हा भरणा करण्यासारखं आहे.

चौथं कारण मात्र आपणच पुरवतो. आपण कधी नाही म्हणतो, कधी हो म्हणतो, आणि चौथ्यांदा मागितल्यावर वैतागून हो म्हणतो. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून दाखवून दिलं, की जे बक्षीस प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून, केव्हाही मिळतं, त्याची सवय सुटायला सर्वांत अवघड. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस याच कारणाने थांबत नाही. "नाही, नाही, नाही, बरं घे बाई" हे आपण मुलाला दिलेलं लॉटरीचं तिकीट असतं.

आता थोडा हिशेब. हिशेबाशिवाय माझं भाषण पुरं व्हायचं नाही. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये वयोमानाप्रमाणे झोपेचे तास सांगितले. १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांना १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ तास. पाच वर्षांपर्यंतच्या आकड्यांत दुपारची झोप धरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जवळपास हेच सांगितलं. आता चार वर्षांचं मूल घ्या. सकाळी साडेसहाला उठायचं, दुपारी तासभर झोपायचं. दहा तासांची किमान शिल्लक ठेवायची तर रात्री साडेनऊला डोळे मिटलेले हवेत. मिटलेले, म्हणजे अंथरुणात शिरणं नऊच्या सुमारास. साडेदहाला झोपणारं मूल रोज एक तास ओव्हरड्राफ्टमध्ये जातं. त्याची वसुली सकाळी दूध पिताना, मोजे घालताना आणि स्कूल बसच्या हॉर्नवर होते.

आपल्या मुलांचं उशिरा झोपणं ही गोष्ट सरकारदरबारीही पोचली. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करा, असं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय काढला. चांगलं झालं. पण शाळा एक तास पुढे गेली म्हणून झोपही एक तास पुढे ढकलली, तर हाती काय उरलं? शून्य.

आता उपाय. पुस्तकांतले पुष्कळसे उपाय परदेशी घरांसाठी असतात. मुलाची वेगळी खोली, वेगळा पलंग, आईबाबा खाली दिवाणखान्यात. आपल्याकडे वन बीएचकेत पाच माणसं, मूल आईच्या कुशीत नाहीतर आजीच्या गादीवर. त्यात काही वाईट नाही. उलट वियोगाची अर्धी भीती तिथेच जाते. पण मूल झोपायला गेलं आणि हॉलमध्ये मालिका चालू, दिवे लख्ख, मोठी माणसं हसतायत, तर त्याला वाटणारच, की खरी मजा आपल्याला वगळून चाललीय. म्हणून पहिला उपाय मोठ्यांसाठी. मूल झोपायच्या आधी अर्धा-पाऊण तास घरातले दिवे मंद, टीव्ही बंद किंवा अगदी हळू, आणि मोबाईल मुलाच्या हातातून बाहेर. मालिका नंतर मोबाईलवर बघता येते. मूल चार वर्षांचं पुन्हा होत नाही.

दुसरा उपाय, थकबाकी आधी चुकती करा. घरी आल्यावर फोन चार्जिंगला लावा आणि पंधरा मिनिटं त्या मुलाची. फक्त त्याची. त्याला जे खेळायचंय ते. भाजी जरा उशिरा फोडणीला पडली तर चालेल. आगाऊ हप्ता भरला की दारात वसुली अधिकारी उभा राहत नाही.

तिसरा उपाय, ठरलेला क्रम. दात घासणं, शू, पाण्याचा पेला उशाशी, देवाला नमस्कार, एक गोष्ट, दिवा बंद. रोज तेच, त्याच क्रमाने. मूल ज्या ज्या सबबी सांगतं, त्या सगळ्या या यादीत आधीच घालून टाका. मग पाण्यासाठी उठायला कारणच उरत नाही. जोडी मिंडेल या अमेरिकन अभ्यासिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लहान मुलांच्या ४०५ आयांना घेऊन अभ्यास केला. रोजचा ठरलेला क्रम सुरू केल्यावर दोन आठवड्यांतच मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली, आणि आयांचंही मन हलकं झालं. क्रमात मुलाला थोडी निवड द्या. निळा नाइट सूट की पिवळा? ससा-कासव की चिऊ-काऊ? मात्र झोपायचं की नाही, हा प्रश्न विचारायचा नाही. तो मतदानाचा विषय नाही.

चौथा उपाय मला सर्वांत आवडला, कारण तो थेट बँकेतला आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, पैसे काढायला गेलं की काउंटरवर पितळी टोकन मिळायचं. नंबर पुकारला की टोकन द्यायचं, पैसे घ्यायचे. एका टोकनावर एकदाच. १९९९ मध्ये पॅट्रिक फ्रिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन आणि दहा वर्षांच्या दोन भावांवर असाच उपाय करून पाहिला. झोपताना मुलाला एक कार्ड द्यायचं. ते दाखवून एकदा काहीही लहानसं मागता येईल. पाणी, मिठी, शू. कार्ड परत घेतलं की त्या रात्रीचा व्यवहार बंद. मुलांचं रडणं आणि खोलीबाहेर येणं थांबलं. आमच्या घरी पुठ्ठ्याचं गोल टोकन आहे, त्यावर नातीने स्वतः मांजर काढलंय. पहिल्या रात्री तिने दिवा घालवल्यावर दोन मिनिटांत ते वापरलं. तिसऱ्या रात्री उशाखाली जपून ठेवलं, "नंतर लागलं तर?" म्हणून. ते "नंतर" येण्याआधीच तिला झोप लागली. हातात हक्क आहे म्हटल्यावर तो लगेच वापरायची घाई राहत नाही. बँकेत पैसे सुरक्षित आहेत असं वाटलं की माणूस उगाच काढायला येत नाही, तसंच हे.

टोकन संपल्यावर मूल पुन्हा हाक मारेल. तेव्हा जायचं, पण रागावून नाही आणि लाडावूनही नाही. थोपटायचं, रोजचं एकच वाक्य रोजच्याच सपाट आवाजात बोलायचं, "झोपायची वेळ झाली, मी इथेच आहे", आणि संपलं. पहिले काही दिवस हट्ट वाढेल, कमी होणार नाही. खिडकी बंद होताना गर्दी वाढते, हे प्रत्येक कॅशियरला माहीत असतं. त्या दिवसांत डगमगायचं नाही. आणि मूल रोज साडेदहालाच झोपत असेल, तर एकदम नऊवर आणू नका. सध्या ज्या वेळी झोप लागते, तिथपासून सुरुवात करून दर दोन-चार दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे या. सकाळी उठायची वेळ मात्र रविवारीसुद्धा फार बदलू नका.

आता थोडं नाजूक बोलतो. बँकेत जॉइंट अकाउंट दोन तऱ्हेने चालतं. एकात दोघांच्याही सह्या लागतात. दुसरं "आयदर ऑर सर्व्हायव्हर", म्हणजे कुणाचीही एक सही पुरते. आपल्या घरांत मुलाचं खातं दुसऱ्या तऱ्हेचं असतं. आईने नाही म्हटलं की बाबा, बाबांनी नाही म्हटलं की आजी, आणि आजी झोपली असेल तर आजोबा आहेतच. कट्ट्यावरच्या माझ्या समवयस्कांना सांगतो, सुनेने दिवा घालवल्यावर आपण "असू दे गं, लहान आहे" म्हणत दार उघडतो, तेव्हा नातवंडावरचं प्रेम दिसतं खरं, पण उद्या रात्रीचं भांडण आपण आजच मंजूर करतो. त्यात मुलाच्या आईचा शब्द मुलासमोर हलका होतो. आणि तरुण आईबाबांनाही सांगतो, आजोबांनी एखादी गोष्ट जास्त सांगितली तर मुलादेखत त्यांना बोलू नका. सकाळी चहाच्या वेळी बोला. दिवसभर मूल सांभाळणाऱ्या माणसांना घरच्या नियमांत सही करायचा अधिकार हवाच. नियम सगळ्यांनी मिळून ठरवा, मग सगळ्यांनी मिळून पाळा. दोन्ही सह्यांचं खातं.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. आपल्याच विंगमधले एक तरुण वडील मला लिफ्टमध्ये म्हणाले, "काका, मी सव्वानऊला पोचतो. मुलगा नऊला झोपला, तर मी त्याला बघायचं कधी?" त्यांचा आवाज ऐकून मी उपदेश केला नाही. मुलाची झोप आणि बापाची भेट, दोन्ही एकाच अर्ध्या तासात हवी असतील तर ओढाताण होणारच. आम्ही दोघांनी मिळून एवढंच ठरवलं, की सकाळ बापाची. अंघोळ, दूध, बसपर्यंत सोडणं, सगळं त्यांच्याकडे. आठवड्यातले दोन दिवस घरून काम असतं, त्या रात्रीची गोष्टही त्यांची. बाकीचे तीन दिवस मूल झोपलेलं असलं तरी जवळ बसून डोक्यावरून हात फिरवायचा. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "काका, सकाळी तो खूप बोलतो हो." साडेदहापर्यंत जागून चिरचिरलेल्या मुलापेक्षा, झोप पुरी झालेलं मूल बापाला जास्त भेटतं, एवढं मला त्यावरून कळलं.

काही वेळा मात्र चालढकल ही चालढकल नसते. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, रात्री गुदाशी खाज सुटत असेल, पाय दुखून उठत असेल किंवा भीती आठवडेच्या आठवडे जात नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड, जंत यांवर टोकन चालत नाही. आणि झोपेचं औषध स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका.

शेवटी सोसायटीकडे वळतो. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलल्या, पाण्याची टाकी दुरुस्त केली, सीसीटीव्ही बसवले. आता माझी एक मागणी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांवर बंदी घालणारा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे, आणि आपण तो बहुतेक पाळतो. पण मुलांची झोप दहाला सुरू होत नाही, नऊला होते. तेव्हा गणपती आणि कोजागिरी सोडून एरवीचे कार्यक्रम साडेआठला संपवावेत. लहान मुलांचं नृत्य आणि वेशभूषा पाहुण्यांच्या भाषणांनंतर रात्री साडेनऊला नको, संध्याकाळी सहालाच घ्या. मुलं ताजी असतात, आणि पाहुणेसुद्धा. कंपाउंडमधलं फुटबॉल आणि सायकली साडेआठला थांबाव्यात. पहिल्या मजल्याच्या खिडक्यांत घुसणारा फ्लडलाइट जरा खाली वळवावा. यातल्या कशालाच खर्च नाही. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव मांडायचा असेल तर सूचक म्हणून माझं नाव लिहा, अनुमोदक कट्ट्यावर नक्की मिळेल.

मुलं ही टाळाटाळ वर्षानुवर्षं करत नाहीत. काही वर्षांनी हीच मुलं दार लावून आत बसतील आणि आपणच बाहेरून विचारू, पाणी हवंय का रे? तोवर रोज रात्री जे काही त्यांच्याशी बोलायचं ते शांतपणे बोलून घ्यावं आणि मग दिवा घालवावा, एवढंच माझं सांगणं.

घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झालीत. मागच्या रांगेतली दोन मंडळी आईच्या खांद्यावर केव्हाच झोपलीयत. त्यांना उचलून घरी न्या, चहा मोठ्यांनीच घ्या.